पळालेला गोलरक्षक

१

रविवारी दुपारी दोन चाळीसला रोजनिशी खणात होती. सव्वातीनला नव्हती.

हे मला इनुकाई मास्तरांनी सोमवारी सकाळी सांगितलं. दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं, तर ते खालून वाकून आत आले. टोपीवर बर्फ तसाच. बसा म्हटलं तर बसले नाहीत. धार लावायच्या यंत्रापासून खिडकीपर्यंत सहा पावलं, तेवढ्यातच येरझारा घालत राहिले.

"शुक्रवारी पुस्तक छापायला जायचंय, हात्सुए-सान. तीन वर्षं घासलीत मी त्यावर. आणि नेमकं तेच एक वर्ष हातातोंडाशी येऊन गेलं."

पुस्तक म्हणजे कितामिने विद्यापीठाच्या आइस हॉकी क्लबचा साठ वर्षांचा इतिहास. मास्तर स्वतः तिथले जुने खेळाडू, आता शाळेत शिकवतात. क्लबची शिस्त अशी, की दर दिवशी पहिल्या वर्षाच्या एका पोरानं रोजनिशी लिहायची. सगळ्या वर्षांच्या वह्या मास्तरांना मिळाल्या, फक्त अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या, सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या हिवाळ्याची मिळत नव्हती. त्या हिवाळ्यात तोगाशी पळाला.

आमच्या गावात तोगाशी हे नुसतं आडनाव राहिलेलं नाही. कुणी कामाला आला नाही, तर आम्ही म्हणतो, "यानं तोगाशी मारली." तोगाशी शिगेरु क्लबचा गोलरक्षक होता. अंतिम सामन्याच्या तोंडावर कुणाला न सांगता नाहीसा झाला. त्याच्या जागी कुसाकाबे योझो नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या पायांना पॅड बांधले. त्यानं सात गोल खाल्ले, पण शेवटपर्यंत जाळ्यासमोरून हलला नाही. नव्या मुलांच्या स्वागताला दर एप्रिलमध्ये ही गोष्ट सांगितली जाते, आणि ती सांगतो स्वतः कुसाकाबे. मीही ती ऐकून हसले आहे. एकदा नाही, वीसदा.

"वही सापडली कुठे?" मी विचारलं.

"शनिवारी मिझुहो क्लबची खोली आवरत होती. लोखंडी कपाट सरकवलं तर मागून पडली. आम्ही चौघं होतो तिथं. मिझुहो, मी, कुसाकाबे आणि त्सुगावा-सान."

मिझुहो म्हणजे क्लबचं सगळं सामानसुमान आणि सामन्यांची नोंदवही सांभाळणारी विद्यार्थिनी. त्सुगावा एइजी म्हणजे त्या अठ्ठावन्नच्या संघाचा कप्तान, आता लाकडाच्या वखारीचा मालक आणि माजी खेळाडूंच्या मंडळाचा अध्यक्ष.

"त्सुगावा-साननी दोन पानं चाळली आणि वही मिटली. म्हणाले, सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचू, तोवर खणात राहू दे. आता ज्येष्ठ माणसाच्या हातातून हिसकावून कशी घेणार?"

रविवारी माजी खेळाडू विरुद्ध विद्यार्थी असा सामना होता. तिसरं, शेवटचं सत्र सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी खण उघडून वही पाहिली होती. सामना संपल्यावर खण रिकामा. त्सुगावांनी तिथल्या तिथं सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करून बघितल्या. काही नाही.

"म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही सगळ्यांच्या स्केटना धार लावता, कुणाच्या बाजूच्या नाही. शिवाय मागं ते चोरीचे स्केट नुसत्या पात्यांवरून तुम्हीच ओळखले होतेत."

"त्या पस्तीस मिनिटांत खोलीत कोण जाऊ शकलं असतं?"

मास्तर थांबले. पहिल्यांदाच.

"तेच तर. खोलीचं दार फक्त आमच्या, माजी खेळाडूंच्या बाकामागे उघडतं. मी बायकोशेजारी प्रेक्षकांत. मिझुहो समोरच्या बाजूला नोंदवही घेऊन. त्सुगावा-सान बाकामागे उभे, खेळाडू बदलत होते. आणि कुसाकाबे जाळ्यात. वहीबद्दल दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. आणि आम्हा चौघांपैकी कुणीही जागा सोडली नाही!"

२

दुकान उघडं टाकूनच मी बर्फाच्या रिंककडे निघाले. मला बसवेना.

मिझुहो खोलीच्या दारात हातात फडकं घेऊन उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज तिखट.

"या मावशी. तुम्हीही विचारा. सगळे विचारून झाले. वही मला सापडली म्हणून मीच ती खाल्ली असं चाललंय."

"खाल्ली असतीस तर एवढी रोड राहिली नसतीस. बाजूला हो, बघू दे."

ती नाइलाजानं हसली आणि बाजूला झाली.

खोली जुनी. रिंकची नवी इमारत झाली, कपडे बदलायच्या खोल्या पलीकडे गेल्या. इथं राहिले नुसते चषक, फोटो आणि वह्या. बाहेरच्या वाटेवर काळ्या रबराची चटई आहे, तिच्यावरून स्केट घालून चालता येतं. आत मात्र उघड्या फळ्या आहेत. तिथं स्केट घालून पाय ठेवायचा नाही, हा पहिल्या दिवशीच शिकवला जाणारा नियम.

"जमीन कधी पुसली होतीस?"

"शनिवारी मेण लावून घासली. ज्येष्ठ मंडळी येणार होती ना. अंगठे दुखले माझे."

मी गुडघे टेकले. दारापासून खणापर्यंत आणि खणापासून दारापर्यंत, चकचकीत मेणावर पात्यांच्या खुणा होत्या. ताज्या. खाचांतून पांढरं लाकूड दिसत होतं.

"बघ, हे तू केलेलं नाहीस. तू बुटात होतीस."

तिनं श्वास सोडला. "मग कुणी?"

मी खाचेवर बोट ठेवलं. तीस वर्षं मी पाती हातात धरते आहे. खेळणाऱ्याचं पातं होडीच्या तळासारखं वळलेलं असतं. सपाट फळीवर ते मध्येच टेकतं आणि छोटी खूण सोडतं. या खुणा टाचेपासून चवड्यापर्यंत सरळ होत्या, आणि रुंद. असं सपाट, जाड पातं फक्त एकाच्या पायात असतं.

"गोलरक्षक," मी म्हणाले.

"आमचा साकुमा?"

"तो कुठल्या बाकाशी होता?"

"पलीकडच्या. सगळं रिंक ओलांडून यावं लागलं असतं."

म्हणजे दुसरा. मिझुहोच्याही ते लक्षात आलं आणि तिनं फडकं छातीशी धरलं.

"पण मावशी, कुसाकाबे-सान तर जाळ्यात होते. पूर्ण सामनाभर. तेवढे सगळे लोक बघत होते."

३

ज्याला पायावरून पकडलं त्याच्याकडे थेट जायचं नाही, असं माझं मन म्हणालं. आधी जवळच्याला हलवून बघावं. त्सुगावांची वखार गावाबाहेर. करवतीचा आवाज चालू होता, आणि ते त्या आवाजावरून बोलत होते.

"हात्सुए, तू धार लाव. चौकशा कसल्या करत फिरतेस?"

"मास्तर रडकुंडीला आलेत. शुक्रवारी छापायला जायचंय."

"जाऊ दे की. एक वही नाही म्हणून साठ वर्षं थांबतात का? तो हिवाळा सगळ्यांना तोंडपाठ आहे. तोगाशी पळाला, कुसाकाबे उभा राहिला, आम्ही हरलो. तीन ओळी. झालं."

"तुम्ही बाकामागे होतात. दाराशी सगळ्यांत जवळ तुम्हीच."

"मग? मी घेतली म्हणतेस?" त्यांनी कामगाराला खूण केली आणि करवत बंद झाली. एकदम इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. "ऐक. ज्यानं घेतली त्यानं ती चुलीत घातली असेल तर मी त्याचे आभार मानीन. मी बावीस वर्षांचा होतो. माझ्या खांद्यावर सगळा क्लब होता. आज तीनशे माणसं अभिमानानं सांगतात की आम्ही कितामिनेकडून खेळलो. त्या तळ्याच्या भानगडी उकरून काढून त्यांच्यातल्या कुणाचं भलं होणार आहे?"

मी पिशवी उचलली. दारापाशी गेल्यावर वळले.

"कुठल्या तळ्याच्या, त्सुगावा-सान? तळ्याचं नाव तर मी काढलंच नाही."

त्यांनी हात वर केला आणि करवत पुन्हा सुरू झाली.

४

मंगळवारी सकाळी मी मासळीबाजारात गेले. कुसाकाबे तिथं लिलाव पुकारतो. त्याचा आवाज बंदराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो, आणि वीस वर्षांत त्याची बोली चुकल्याचं कुणाला आठवत नाही. त्या दिवशी मी पोचले तेव्हा लोक हसत होते.

"योझो, अरे हा कॉड आहे! सामन काय म्हणतोस? झोपेत आहेस का?"

"झोप कुठली," तो पुटपुटला. लिलाव दुसऱ्याच्या हातात देऊन तो माझ्याकडे आला. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली. उभा राहीना. चालत चालतच बोलला, आणि मी मागून धावत होते.

"वहीचं विचारायला आलीस ना? मी जाळ्यात होतो बाई. गोलरक्षक जाळं सोडून जाणार कुठं? मी काय तोगाशी आहे की..."

वाक्य अर्ध्यावर तुटलं. हे वाक्य तो अठ्ठावीस वर्षं म्हणत आला होता. त्यावर लोक हमखास हसत.

"काय रे, पुढं म्हण की."

"काम आहे मला," तो म्हणाला आणि बर्फाच्या खोक्यांमागे दिसेनासा झाला.

तिथून मी सरळ मिझुहोकडे. नोंदवही मागितली. मी सामना पाहिलेला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला होता ते सगळे एकच सांगत होते. लोकांना आठवतं ते त्यांना माहीत असलेलं. लिहिलेलं वेगळं असू शकतं.

"विद्यार्थी पाच, माजी खेळाडू तीन," मिझुहोनं बोट फिरवलं. "प्रत्येक गोलपुढे कोणी मारला, कोणी पास दिला, आणि समोर कोणता गोलरक्षक होता त्याचा नंबर."

विद्यार्थ्यांच्या पहिल्या चार गोलांपुढे एक हा आकडा होता. कुसाकाबेचा. पाचव्या गोलपुढे, सामना संपायला वीस सेकंद असताना, आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ होती.

"ही रेघ कसली?"

"ती? जाळं रिकामं होतं ना तेव्हा." तिनं सहज सांगितलं आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. "अगं बाई!"

हरणारा संघ शेवटी शेवटी असं करतो. गोलरक्षकाला बाकाकडे बोलावून घेतात आणि त्याच्या जागी सहावा हल्ला करणारा उतरवतात. जाळं उघडं पडतं, पण बरोबरी साधायची संधी मिळते.

"मैत्रीच्या सामन्यात म्हाताऱ्यांनी असं करावं म्हणून सगळे हसत होते," मिझुहो म्हणाली. "दीड मिनिट होतं बाकी. त्यांचे सहाही जण आमच्या जाळ्यावर तुटून पडले. बाकावरचे सगळे कठड्यावर चढून ओरडत होते. कुणी मागं वळून..."

"त्सुगावांनी बोलावलं त्याला?"

मिझुहोनं डोळे मिटले. आठवून म्हणाली, "नाही. त्सुगावा-सान तर ओरडले, परत जा म्हणून. कुसाकाबे-सान आपणहून आले."

५

बुधवारी दुपारी मी चौघांनाही क्लबच्या खोलीत बोलावलं. कुसाकाबेला निरोप दिला होता, की पॅडची शिवण उसवली असेल, घेऊन ये. तो घेऊन आला. गोलरक्षकाचे पॅड मांडीपासून घोट्यापर्यंतचे, उशीएवढे जाड. दोन्ही खांद्यावर टाकून तो दारात उभा राहिला, तेव्हाच मला कळलं की हा लपवायला आलेला नाही.

"बसा सगळे," मी म्हणाले. कुणी बसलं नाही. मग मी उभ्याउभ्याच फळ्यांवरच्या खुणा दाखवल्या, नोंदवहीतली रेघ दाखवली.

"सगळ्यांनी सांगितलं, कुणी जागा सोडली नाही. खोटं कुणीच बोललं नाही. गोलरक्षक बाकावर येणं म्हणजे जागा सोडणं, असं कुणाच्या मनातच येत नाही. दीड मिनिटात त्या दारातून आत, चार पावलं खणाकडे, चार पावलं परत. मग पिशव्या तपासल्या. पिशव्यांत काय सापडणार? तो तर तुमच्यासमोर पॅड बांधून चहा पीत बसला होता."

मास्तरांनी कुसाकाबेकडे पाहिलं. त्सुगावांनी पाहिलं नाही.

कुसाकाबेनं डावा पॅड मांडीवर घेतला, मागचे पट्टे सोडले आणि आतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

"शनिवारी कॅप्टननं पानं चाळली तेव्हा मी खांद्यावरून बघत होतो," तो म्हणाला. "एकच ओळ दिसली. 'कुसाकाबे पाण्यात गेला.' आणि कॅप्टननं पान मिटलं. मला वाटलं, माझंच तर आहे, मग माझ्यापासून का लपवतोय? दोन दिवस डोक्यात तेच. जाळ्यात उभा होतो, पण समोरून येणारी पकची चकती दिसत नव्हती. मी वाचतो. गोष्ट सांगायचं काम नाहीतरी माझंच आहे."

त्याचा तो बंदरभर घुमणारा आवाज आता समोरच्यापर्यंत जेमतेम पोचत होता.

नऊ फेब्रुवारी. रिंक बंद होतं म्हणून संघ डोंगरामागच्या तळ्यावर सरावाला गेला. आदल्या वर्षी एकजण बुडता बुडता वाचल्यापासून विद्यापीठानं तळ्यावर जायला बंदी केली होती. पुन्हा कुणी दिसलं तर क्लब मोडणार होता. बर्फ फुटला, कुसाकाबे पाण्यात गेला. तोगाशी पोटावर सरपटत गेला, स्टिक पुढं केली, ती पुरेना, तर स्वतः गळ्यापर्यंत उतरला. कुसाकाबेला बाहेर ढकललं. त्याला स्वतःला बाहेर यायला बराच वेळ लागला. रात्रीतून ताप चढला, छाती भरली. डॉक्टर विचारणार, मग विद्यापीठ विचारणार. कॅप्टन म्हणाले, तोगाशीला बहिणीच्या गावी पोचवा. इथं सांगू की तो पळून गेला. तोगाशीनं मान हलवली. कुसाकाबे शुद्धीवर आला की सांगायचं, कॅप्टननं वाचवलं.

शेवटी त्या दिवशी लिहिणाऱ्या पोरानं एक ओळ जोडली होती. 'मला हे पटत नाही. पण मी पहिल्या वर्षाचा आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो.' तो पोरगा पुढं खाणीत नोकरीला गेला आणि तरुणपणीच वारला. वही कपाटामागं त्यानंच टाकली असणार.

मग कुसाकाबे त्सुगावांपुढे जाऊन उभा राहिला.

"कॅप्टन, मी दर डिसेंबरला तुला खारवलेला सामन पाठवतो. अठ्ठावीस सामन. का पाठवतो, ते तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"आणि दर एप्रिलला मी उभा राहून त्याची टिंगल करायचो. तू पहिल्या रांगेत बसून ऐकायचास."

"काय करू द्यायला हवं होतं मी?" त्सुगावांचा आवाज फुटला. "क्लब बंद पडू द्यायचा? तोगाशी स्वतः हो म्हणाला! मी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. हे पुस्तक, हे चषक, ही पोरगी इथं उभी आहे, हे सगळं त्या एका खोट्यावर उभं आहे. ते खोटं नसतं तर हा इतिहास बत्तीस वर्षांचाच झाला असता."

"तो एक हिवाळा खोटा सांगितलात, ते कळतं," मिझुहो एकदम म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. "पण त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सांगता आलं असतं ना? त्याच्या पुढच्या?"

त्सुगावांनी कोट उचलला, चुकून मास्तरांचा उचलला, परत ठेवला आणि कोट न घेताच बाहेर पडले.

"शुक्रवारी छापायला जाणार नाही," मास्तर म्हणाले. "ते पान मी पुन्हा लिहितो."

"अजून नाही," कुसाकाबेनं वही छातीशी धरली. "ते पान तुझंही नाही, माझंही नाही. वहीत त्याच्या बहिणीच्या गावाचं नाव आहे, तिथं फोन करून विचारलं, तोगाशी जिवंत आहे. सोमवारी आणि मंगळवारी, दोन्ही दिवस मी स्टेशनवर जाऊन गाडी सोडून परत आलोय. माझ्याच्यानं एकट्यानं जाववत नाही."

तो माझ्याकडे बघत होता.

६

गुरुवारी माझ्या छोट्या व्हॅनमधून आम्ही दोघं निघालो. दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फानं भरलेली कुरणं. कुसाकाबे सारखा काच खाली करी, वर करी. वाटेत तीनदा म्हणाला, "परत फिरूया का?" तीनदा मी गाडी पुढंच नेली.

तोगाशी गोठ्यात होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, खांद्यावर टॉवेल. त्यानं कुसाकाबेला लगेच ओळखलं असावं, कारण त्यानं हातातली बादली फार हळू खाली ठेवली.

कुसाकाबे गोठ्याच्या दारातच गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"ऊठ," तोगाशी म्हणाला. "गायी बुजतात."

तो उठला नाही. तसाच बोलत राहिला. मला माहीत नव्हतं, रविवारी वाचलं, तुम्ही मला काढलंत आणि मी तुमच्याच नावाचा विनोद केला. शब्द पुढचेमागचे होत होते. तोगाशीनं सगळं ऐकून घेतलं आणि टॉवेलला हात पुसले.

"हे बघ. मी शब्द दिला तो माझ्या मर्जीनं. क्लब टिकावा असं मलाही वाटत होतं. पहिली काही वर्षं वाटलं, कुणीतरी येईल, एक पत्र तरी लिहील. मग ते वाटणंही गेलं. गायींसाठी पहाटे चार वाजता उठावं लागतं, फार आठवत बसता येत नाही. पण तू इथं चुकीच्या माणसापुढं वाकलायस."

कुसाकाबेनं मान वर केली.

"माझा मुलगा, कात्सुमी. शाळेत असताना गोलरक्षक होता, माझ्यापेक्षा चांगला. सहा वर्षांपूर्वी तुमच्या कितामिनेनं त्याला निवडीसाठी बोलावलं. मी म्हटलं, जा. तीन दिवसांत परत आला. तिथं कुणीतरी नाव ऐकून हसलं होतं. ती गोष्ट सांगितली होती. आल्या आल्या त्यानं विचारलं, बाबा, तुम्ही खरंच पळालात? आणि मी शब्द दिलेला." त्यानं बादली उचलली, पुन्हा ठेवली. "मी गप्प बसलो. त्यानं त्याचा अर्थ लावला. त्या दिवसापासून आम्ही दोघं गायींबद्दल बोलतो, दुधाबद्दल बोलतो. दुसरं काही नाही. मला सांगू नकोस. त्याला सांग."

बाहेर ट्रॅक्टर थांबला. पंचविशीतला एक उंच तरुण चाऱ्याचा गठ्ठा घेऊन आत आला. जमिनीवर बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघून तो दारातच खिळला.

कुसाकाबे उठून उभा राहिला. मला वाटलं, आता याची वाचा जाणार. पण तो बोलला. आपलं नाव सांगितलं, मग तळं, बर्फ, पाणी, ताप, कप्तानाचा निर्णय, सगळं ओळीनं, काही गाळलं नाही. "ती गोष्ट रचली दुसऱ्यानं," तो शेवटी म्हणाला, "पण गावभर पुकारली मी. तुझ्या कानावर आली ती माझ्या तोंडची." मग त्यानं वही दोन्ही हातांनी पुढं केली.

कात्सुमीनं गठ्ठा खाली टाकला आणि हातमोजे न काढताच वही घेतली. गोठ्याच्या खिडकीपाशी जाऊन ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. गायी चारा मागत हंबरत होत्या.

"हे पुस्तकात येणार आहे?" त्यानं विचारलं.

"तुम्ही दोघं म्हणाल तर," मी म्हणाले. "तेच विचारायला आलोय."

तोगाशी म्हणाला, "त्याला विचारा."

"छापा," कात्सुमी म्हणाला. "सगळं छापा. तळ्याचं नाव, कप्तानाचं नाव. आणि एप्रिलमध्ये ही गोष्ट तुम्हीच सांगायची, कुसाकाबे-सान, त्याच आवाजात. मी येऊन बसणार आहे."

"सांगीन," कुसाकाबे म्हणाला.

मग तो पोरगा बापाकडे वळला.

"सहा वर्षं. तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतात."

"शब्द दिला होता रे."

"कोणाला? या लोकांना? आणि मी कोण होतो? मी तुमच्या नावासाठी तिथं मारामारी करून आलो होतो, ठाऊक आहे तुम्हाला? तीन पोरांशी! आणि घरी येऊन विचारलं, तर तुम्ही म्हणालात, काळ्या गाईला ताप आहे!"

"मग काय म्हणणार होतो? तू आल्या आल्या थेट पळालात का म्हणून विचारलंस! बापाला असं विचारतात?"

"मग कसं विचारतात? सांगा ना, कसं विचारायला हवं होतं?"

मी कुसाकाबेची बाही ओढली. आम्ही पाय न वाजवता बाहेर पडलो आणि व्हॅनपाशी आलो. गोठ्यातून दोघांचे आवाज एकावर एक चढत होते. बादली कुठंतरी जाऊन आदळली. एक गाय जोरात हंबरली, तिच्यावरही दोघं एकदमच ओरडले.

कुसाकाबे दार उघडून उभाच राहिला. आत बसेना.

"हात्सुए, जाऊन थांबवायला हवं का गं त्यांना?"

"बस गाडीत," मी म्हणाले. "सहा वर्षं थांबलंच होतं की."